विजेचा दाब कमीजास्त कसा करितात?

आपल्या घरीं भिंतीवरील प्लगांतून जी वीज मिळते तिचा दाब 230 व्होल्ट असतो. परंतु हल्लीं घरोघरीं जीं उपकरणें दिसतात त्यांपैकीं पुष्कळांना हा दाब क्षणभरहि सोसणार नाहीं. मोबाइलमध्यें जी लिथियमची बॅटरी असते तिला चारसाडेचार व्होल्टांच्या आंत ठेवावें लागतें. शोभेच्या दिव्यांच्या पट्टीला 12 व्होल्ट लागतात, राउटरला कोठें 9 तर कोठें 12, आणि शाळेच्या प्रदर्शनासाठीं मुलें जीं लहानसहान यंत्रें जुळवितात त्यांना बहुधा 5. एवढ्या मोठ्या दाबापासून एवढ्या लहान दाबापर्यंत वीज उतरवून देण्याचें काम जी पेटी करते तिला पॉवर सप्लाय म्हणतात. मोबाइलचा चार्जर ही अशीच एक पेटी होय, आणि संगणकाच्या आंत असते तीहि तशीच.

अशा कित्येक पेट्यांवर एक बारीकसा स्क्रू असतो व त्याच्या शेजारीं 'व्होल्टेज अ‍ॅडजस्ट' या शब्दांचीं आद्याक्षरें छापलेलीं असतात. तो फिरविला कीं दाब थोडा चढतो किंवा उतरतो. जिज्ञासु मुलाला हें पाहून वाटतें कीं, हा पाण्याचा नळच आहे. जितका उघडावा तितका जोर अधिक. उलटपक्षीं वडील मंडळींना वाटतें कीं, मुलानें असल्या स्क्रूला हातच लावूं नये हें बरें. दोघांचेंहि म्हणणें अर्धेंच खरें आहे. पेटीच्या आंत काय चालतें हें एकदां नीट समजलें म्हणजे कोणता स्क्रू फिरवावा, किती फिरवावा, आणि कोणत्या पेटीचें झांकण मुळींच उघडूं नये, हें ज्याचें त्याला ठरवितां येतें.

प्रथम नळाची उपमा कोठें चुकते तें पाहूं. समजा, आपल्याजवळ 12 व्होल्टांची वीज आहे आणि एका खेळण्याला 5 व्होल्ट द्यावयाचे आहेत. खेळणें एक दशांश अँपिअर प्रवाह घेतें. वाटेंत 70 ओहमचा एक रोधक ठेवला तर ओहमच्या नियमानुसार त्यावर 7 व्होल्ट खर्ची पडतील व खेळण्याला बरोबर 5 मिळतील. हिशेब चोख दिसतो. परंतु खेळण्यांतील दिवा विझला व प्रवाह निम्म्यावर आला, म्हणजे त्याच रोधकावर साडेतीनच व्होल्ट खर्ची पडतात, आणि खेळण्याच्या वांट्याला साडेआठ येतात! प्रवाह कमी झाला कीं दाब वाढतो, प्रवाह वाढला कीं दाब कोसळतो. त्यांत आणखी भर म्हणजे भिंतींतून येणारे 230 व्होल्टहि नांवालाच 230 असतात. लांबच्या वस्तीवर दिवेलागणीच्या वेळीं ते पुष्कळ खालीं उतरतात, व रात्रीं सर्व निजले म्हणजे वर चढतात. नळाला यांतले कांहींच कळत नाहीं. त्याला जेवढा उघडून ठेवावा तेवढा तो उघडा राहतो.

म्हणून चांगल्या पेटींत नळाच्या जोडीला एक तोलणारा बसविलेला असतो. वखारींत धान्याचीं पोतीं मोजण्याचा लोखंडी कांटा पुष्कळांनीं पाहिला असेल. त्याच्या आडव्या दांडीवर एक वजन सरकत असतें. वजन तेंच, तें बदलत नाहीं. परंतु तें दांडीवर जवळ किंवा दूर सरकविलें म्हणजे त्याच वजनानें कधीं 20 किलो तर कधीं 80 किलो तोलले जातात. विजेच्या पेटींतील व्यवस्था अगदीं याच जातीची आहे. आंत एक ठराविक लहानसा दाब कायम राखलेला असतो. त्याला आपण प्रमाण दाब म्हणूं. बाहेर जाणाऱ्या दाबाचा कांहीं एक अंश दोन रोधकांच्या साहाय्यानें वेगळा काढून या प्रमाण दाबाशीं ताडून पाहतात. अंश कमी भरला तर तोलणारा नळ थोडा उघडतो, अधिक भरला तर मिटतो. सेकंदाला हजारों वेळां होणाऱ्या या उघडझांकीमुळें बाहेरचा दाब हलत नाहीं.

आतां स्क्रूचें रहस्य उलगडतें. स्क्रू फिरविणारा मनुष्य नळाला हात लावीतच नाहीं. तो फक्त बाहेरच्या दाबाचा किती अंश तोलणाऱ्याला दाखवावयाचा एवढेंच बदलतो. चौथा हिस्सा दाखविला तर तोलणारा बाहेरचा दाब प्रमाण दाबाच्या चौपट करून ठेवतो; दहावा हिस्सा दाखविला तर दसपट. त्याला पांच व्होल्ट म्हणजे काय हें ठाऊकच नसतें. त्याला जें दाखवाल त्यावरच तो विश्वास ठेवतो, आणि पुढें सांगितलेले बहुतेक अपघात या भोळ्या विश्वासांतून उद्भवतात.

परंतु प्रमाण दाब कायम राहतो तो कशाच्या बळावर? जुन्या काळीं, काचेच्या नळ्यांचे रेडिओ होते तेव्हां, या कामीं विरळ वायु भरलेली नळी वापरीत. वायु पेटून मंद उजेड देऊं लागला कीं नळीच्या दोन टोंकांमधील दाब 75, 105 किंवा 150 व्होल्ट असा एका आंकड्याला चिकटून राही. पुढें झेनर डायोड आला. त्यानंतरची जी युक्ति आहे ती मात्र फार सुंदर आहे, व तिच्याकरितां थोडें थांबावयास हरकत नाहीं. सिलिकनच्या सांध्यांतून प्रवाह सोडला म्हणजे त्यावर जो दाब दिसतो तो, उष्णता एक अंशानें वाढली कीं, सुमारें 2 मिलिव्होल्टांनीं उतरतो. हा दोषच झाला. पण दोन सांध्यांतून कमीजास्त दाटीचा प्रवाह सोडला तर त्या दोहोंच्या दाबांतील जो लहानसा फरक, तो उष्णतेबरोबर चढतो. चढणारी ही रक्कम योग्य पटीनें मोठी करून उतरणाऱ्या रकमेंत मिळविली म्हणजे बेरीज जवळजवळ स्थिर राहते. उन्हाळा असो कीं हिंवाळा, ती बेरीज सुमारें सव्वा व्होल्ट येते. हा सव्वाचा आंकडा कोणा अभियंत्याच्या आवडीचा नव्हे. तो सिलिकन या द्रव्याच्या अंगच्या गुणांतूनच निघतो. 1970 च्या सुमारास रॉबर्ट विडलर या अमेरिकन अभियंत्यानें ही युक्ति नखाएवढ्या तुकड्यांत बसवून दाखविली.

तिचाच उपयोग करणारा एल. एम. 317 नांवाचा तीन पायांचा तुकडा मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेंत थोड्या रुपयांत मिळतो. अमेरिकेंतील नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीनें तो 1970 च्या दशकांत बाजारांत आणला, व त्यानंतर इतर अनेक कंपन्यांनीं तो तयार केला. शिकणाऱ्याला याहून चांगला गुरु मिळणें कठीण. त्याच्या एका पायांत वीज शिरते, दुसऱ्यांतून बाहेर पडते, आणि तिसरा पाय जुळवणीचा. तुकडा एकच व्रत पाळतो: बाहेरचा पाय व जुळवणीचा पाय यांच्यामध्यें नेहमीं 1.25 व्होल्ट राखावयाचे.

या दोन पायांमध्यें 120 ओहमचा रोधक जोडा. त्यावर 1.25 व्होल्ट आहेत, म्हणून त्यांतून सुमारें 10.4 मिलिअँपिअर प्रवाह वाहणार. जुळवणीच्या पायांतून वाहणारा प्रवाह इतका क्षुल्लक असतो (सुमारें 50 मायक्रोअँपिअर) कीं हिशेबांत तो सोडून दिला तरी चालतो. तेव्हां हा 10.4 मिलिअँपिअर प्रवाह पुढें जो दुसरा रोधक ऋण तारेपर्यंत जोडलेला आहे त्यांतूनच जाणार. हा दुसरा रोधक 360 ओहमचा घेतला तर त्यावर 3.75 व्होल्ट पडतात. 1.25 आणि 3.75 मिळून 5! दुसरा रोधक 1,000 ओहमचा घेतला तर बेरीज 11.67 होते, आणि तो काढून त्या जागीं नुसती तार जोडली तर केवळ 1.25 उरतात. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला जो ओहमचा नियम पाठ असतो त्यापलीकडचें यांत कांहीं नाहीं. दुसऱ्या रोधकाच्या जागीं फिरता रोधक, ज्याला बाजारांत प्रिसेट म्हणतात, तो बसविला कीं आपला स्क्रू तयार झाला.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत धरावयास हव्यात. आंत येणारा दाब बाहेर हव्या असलेल्या दाबाहून निदान दोनतीन व्होल्ट अधिक असला पाहिजे; 12 व्होल्ट आंत देऊन बाहेर 12 मिळणार नाहींत. दुसरी गोष्ट उष्णतेची. 12 चे 5 करावयाचे म्हणजे मधले 7 व्होल्ट कोठें तरी जिरावयास हवेत. प्रवाह एक अँपिअर असला तर उपकरणाला 5 वॉट मिळतात आणि तुकड्याच्या अंगीं 7 वॉट उष्णता होते. उपयोगापेक्षां उधळपट्टी मोठी! म्हणूनच त्याच्या पाठीला अॅल्युमिनियमचा पंख्यासारखा पत्रा जोडतात, व तरीहि त्याला उघड्या बोटानें स्पर्श करूं नये.

आतां त्या भोळ्या विश्वासाकडे वळूं. प्रिसेटच्या आंत एक पातळ धातूची पट्टी अर्धवर्तुळाकार रोधकावरून घासत सरकते. धूळ, गंज किंवा पावसाळ्यांतील ओल यांमुळें कधींमधीं ती टेंकत नाहीं व जोड तुटतो. पट्टी सुटली म्हणजे दुसरा रोधक नाहींसाच झाला, त्याचा रोध अनंत झाला. तोलणाऱ्याला वाटतें कीं बाहेरचा दाब फारच उतरला. तो नळ पुरता मोकळा करतो, आणि 5 व्होल्टांच्या उपकरणावर आंतले दहा-अकरा व्होल्ट येऊन आदळतात. स्क्रूचा दोष पैशाचा, परंतु जळतें तें मुलानें महिनाभर खपून जुळविलेलें यंत्र. हा अपघात टाळण्याच्या युक्त्या स्वस्त आहेत आणि तरीहि पुस्तकांतील आकृत्यांत त्या बहुधा नसतात, याचें नवल वाटतें.

पहिली युक्ति अशी कीं, संबंध रोध फिरता ठेवूंच नये. 330 ओहमचा पक्का रोधक घ्यावा व त्याच्या पुढें 100 ओहमचा प्रिसेट जोडावा. मग स्क्रू या टोंकापासून त्या टोंकापर्यंत फिरविला तरी दाब 4.7 पासून 5.7 पर्यंतच हलतो. प्रिसेटच्या मधल्या पायाला त्याचा मोकळा राहिलेला बाजूचा पाय तारेनें जोडून टाकावा. म्हणजे पट्टी सुटली तरी रोध अनंत न होतां 100 ओहमवर थांबतो, आणि दाब 5.7 च्या वर जात नाहीं. दुसरी युक्ति याहून निर्भय आहे. दुसरा रोधक पक्का ठेवून पहिला, म्हणजे 120 ओहमचा, फिरता करावा. येथें पट्टी सुटली तर उलटाच परिणाम होतो. दाब चढण्याऐवजीं सव्वा व्होल्टाच्या आसपास कोसळतो. उपकरण बंद पडतें, पण वांचतें. यांत स्क्रूच्या फिरण्याशीं दाब सारख्या प्रमाणांत बदलत नाहीं हा एक उणेपणा आहे, परंतु तो सोसण्याजोगा आहे.

बाजारांतून जी तयार पेटी येते तिच्यांत हा तुकडा सहसा नसतो, कारण एवढी उष्णता उधळणें मोठ्या कामाला परवडत नाहीं. तिच्यांत 230 व्होल्टांची उलटसुलट वाहणारी वीज प्रथम एकाच दिशेची करितात. तेव्हां तिचा दाब सुमारें 325 व्होल्ट भरतो. मग एक ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारों, पुष्कळदां लाखांच्या घरांत, वेळां ती वीज तोडतो व जोडतो, आणि हे तुकडे एका चिमुकल्या ट्रान्स्फॉर्मरमधून पलीकडे जातात. नळ अर्धवट उघडा ठेवण्याऐवजीं तो पुरता उघडावयाचा व पुरता मिटावयाचा; किती वेळ उघडा ठेवावा यावर दाब ठरतो. म्हणून उष्णता थोडी. तोलणारा मात्र येथेंहि आहे. तो बाहेरच्या बाजूला बसलेला असतो, त्याचा प्रमाण दाब बहुधा अडीच व्होल्टांचा असतो, आणि त्याचा निरोप आंतल्या ट्रान्झिस्टरकडे तारेनें जात नाहीं. एका बंद डबींतला बारीक दिवा कमीजास्त उजळतो व समोरचा प्रकाशग्राही ट्रान्झिस्टर तो उजेड ओळखतो. 325 व्होल्टांची बाजू व आपण स्पर्श करूं शकतों ती बाजू यांच्यामध्यें अशा रीतीनें विजेचा एकहि धागा ठेवलेला नसतो.

या पेट्यांवरील स्क्रू कारखान्यानें मुद्दामच मर्यादित ठेवलेला असतो. 12 व्होल्टांची पेटी साधारणपणें एकदीड व्होल्ट इकडे किंवा तिकडे हलते. तो स्क्रू ठेवण्याचें कारणहि योग्य आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार दहा मीटर अंतरावर नेली तर जाऊन-येऊन वीस मीटर होते व तिचा रोध सुमारें एक तृतीयांश ओहम भरतो. तीन अँपिअर प्रवाह गेला कीं वाटेंतच एक व्होल्ट संपतो. पेटीपाशीं 12 आणि दिव्यापाशीं 11. अशा वेळीं स्क्रूनें दाब थोडा चढविणें रास्त होय; मात्र तीच तार व तेच दिवे कायम राहणार असतील तरच. त्या तारेवरचे निम्मे दिवे बंद केले कीं वाटेंतली घट कमी होते व उरलेल्या दिव्यांवर वाढीव दाब येतो. जाड तार घालणें हा खरा उपाय आहे, स्क्रू फिरविणें ही तडजोड.

'थोडा चढविला तर काय बिघडतें?' असें पुष्कळजण म्हणतात, म्हणून हिशेबच मांडूं. 12 व्होल्टांच्या दिव्यांच्या पट्टींत तीन पांढरे एल. ई. डी. व एक रोधक अशी ओळ असते. प्रत्येक एल. ई. डी. सुमारें 3.2 व्होल्ट घेतो, तिघांचे 9.6, रोधकासाठीं उरले 2.4. आतां दाब दहावा हिस्सा वाढवून 13.2 केला. एल. ई. डी. आपले 9.6 च्या आसपासच घेतात, म्हणून वाढलेले बहुतेक सारे व्होल्ट रोधकावर येतात, 2.4 चे जवळजवळ 3.6 होतात. प्रवाह दीडपटीच्या घरांत जातो! दहा टक्के दाब, आणि प्रवाहांत चाळीसपन्नास टक्के भर. पट्टी अधिक लखलखते, घरांतले लोक खूष होतात, आणि कांहीं महिन्यांनीं एकेक ओळ मंदावूं लागते. पेटीलाहि याचा ताण पडतो. 60 वॉटांची पेटी 12 व्होल्टांवर 5 अँपिअर देते, 13.2 व्होल्टांवर तिच्याकडून साडेचारांहून अधिक मागणें योग्य नव्हे.

वडील मंडळींचें भय जेथें पूर्णपणें खरें आहे ती जागा आतां सांगतों. बाहेरून पोंचतां येणारा स्क्रू एक, आणि झांकण उघडून आंतले रोधक बदलणें हें निराळें. आंतल्या मोठ्या कपॅसिटरवर तेच 325 व्होल्ट सांठविलेले असतात, आणि प्लग काढल्यावरहि ते कांहीं काळ तेथें राहूं शकतात. मनुष्याचा जीव घेण्यास तेवढे पुरे आहेत. शिवाय बाहेरच्या बाजूचे कपॅसिटर कारखान्यानें बेतानें निवडलेले असतात. 12 व्होल्टांच्या पेटींत 16 व्होल्टांचे. रोधक बदलून कोणी 18 व्होल्ट काढूं पाहिले तर ते फुगतात व प्रसंगीं फुटतात. भिंतींतल्या विजेशीं जोडलेल्या पेटीचें झांकण विद्यार्थ्यानें उघडूं नये. ज्याला प्रयोग करावयाचा आहे त्यानें तयार 12 व्होल्टांचा अडॅप्टर घ्यावा व त्याच्या पुढें एल. एम. 317 जोडून सारी जुळवणी सुरक्षित बाजूला करावी. उपकरण जोडण्यापूर्वीं मल्टिमीटरनें दाब पाहावा. मग उपकरण जोडून, त्यानें प्रवाह घेण्यास आरंभ केल्यावर, पुन्हां पाहावा. धातूच्या उघड्या पेटीचा स्क्रू फिरवावयाचा असेल तर 230 व्होल्टांचे खिळे शेजारींच असतात हें विसरूं नये. मोठें माणूस जवळ असावें व पेंचकसाला प्लॅस्टिकची मूठ असावी.

अलीकडे या साऱ्यांत एक मौजेची भर पडली आहे. यू. एस. बी. सी. जातीचे नवे चार्जर आरंभीं 5 व्होल्टच देतात. मग मोबाइल किंवा लॅपटॉप त्यांना तारेंतूनच विचारतो, आपल्याजवळ काय काय आहे? चार्जर आपली यादी सांगतो: 5, 9, 15, 20 व्होल्ट. उपकरण त्यांतून निवड करतें, चार्जर संमति देतो, आणि मगच दाब चढतो. कांहीं चार्जर तर 20 मिलिव्होल्टांच्या पायऱ्यांनीं दाब हलवितात, आणि 2021 च्या सुधारित नियमांनीं ही मर्यादा 48 व्होल्टांपर्यंत नेली आहे. मनुष्याच्या हातांतील पेंचकस जाऊन त्या जागीं संभाषण आलें. परंतु आंत तोच प्रमाण दाब, तोच तोलणारा व तीच दांडी असते, वजन सरकविण्याचा हुकूम मात्र आंकड्यांनीं येतो.

गोल पिनेचे जुने अडॅप्टर असें कांहीं विचारीत नाहींत. 9 व्होल्टांची आणि 12 व्होल्टांची पीन पुष्कळदां मापानें तंतोतंत सारखी असते व कोणत्याहि राउटरमध्यें बसते. एकाच फळीवर असे चारपांच अडॅप्टर पडून असतील तर प्रत्येकाच्या तारेला कागदाची चिठ्ठी चिकटवून तीवर उपकरणाचें नांव व व्होल्ट लिहून ठेवावे. हें काम घरांतील पांचवीसहावीच्या मुलालाहि सांगतां येईल. अडॅप्टरवरील बारीक अक्षरें मोठ्यांपेक्षां त्याला लवकर वाचतां येतात.